माश्या झोपवायच्या कशा, हाच खरा प्रश्न

फळमाशी म्हणजे ड्रोसोफिला, जेमतेम 3 मिलिमीटरचा जीव, पण प्रयोगशाळेत नर-मादी वेगळे करायचे तर आधी तिला बेशुद्ध करावंच लागतं, नाहीतर बाटली उघडली की सगळ्या भुर्र. पूर्वी ईथर वापरायचे, फळमाशीवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञ मॉर्गनच्या काळापासून चालत आलेलं, पण ते पटकन पेट घेतं आणि डोस जरा जास्त झाला की माशी मेलीच समजा, पंख अंगापासून काटकोनात ताठ उभे राहिले की कळतं, गेली बिचारी.

आता बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइडच. सच्छिद्र पॅडमधून गॅस येतो, माशी काही सेकंदात आडवी, गॅस बंद केला की थोड्या वेळात उठून चालायला लागते. मस्त वाटतं ना? पण गंमत अशी की ती उठली म्हणजे नॉर्मल झाली असं नाही, उडणं, मीलन यावर परिणाम नंतरही रेंगाळतो, म्हणून वर्तनाचा प्रयोग असेल तर निदान 24 तास तरी थांबावं असं माझं मत. नुकत्याच कोषातून निघालेल्या माश्यांना तर जास्तच जपावं लागतं.

बर्फावर ठेवणं सगळ्यात स्वस्त, पण बाष्प जमून माश्या ओल्या होतात आणि काचेला चिकटतात (वैताग!), शिवाय थंडीचाही ताण असतोच.

आणि हो, बेशुद्ध माश्या नव्या बाटलीत टाकताना बाटली आडवीच ठेवा, नाहीतर खालच्या चिकट खाद्यात रुतून मरतात.