चार इंची शेजार

रो-हाउस घेताना माणूस फरशी बघतो, खिडक्यांची ग्रिल हलवून बघतो, जाणकार माणूस आणून आग्नेय कोपराही तपासून घेतो. मधली भिंत किती इंचाची, हे मात्र कुणी विचारत नाही. ते कळतं राहायला गेल्यावर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्या घरात मोजल्या जाऊ लागल्या की. एकदा हिनं दारातूनच विचारलं होतं, "अक्का, आज दोनच शिट्ट्या? गॅस सरला काय?" अक्कांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सिलिंडर आमच्याकडूनच गेला.

त्यात आमचं गाव लातूर. अक्कांनी वरची खोली नीटची तयारी करणाऱ्या दोन पोरांना भाड्यानं दिलीय. बाहेरगावचे लोक ज्याला लातूर पॅटर्न म्हणून नावाजतात, तो आम्हाला पहाटे चारला भिंतीतून ऐकू येतो. प्रोफेज, मेटाफेज, अॅनाफेज, टेलोफेज. एक घोकतो, दुसरा अडवतो. घोकणारा मेटाफेजवर हटकून अडखळतो आणि मी, जन्माचा कॉमर्सवाला, अंथरुणात पडल्या पडल्या पुढचा शब्द म्हणून टाकतो. पोरं गुणी आहेत, कधी मोबाईलवर गाणं लावत नाहीत. म्हणूनच तर भांडताही येत नाही. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती भोंग्यांसाठी आणि डीजेसाठी ठीक. पेशीविभाजन घोकणाऱ्या लेकराविरुद्ध कोणत्या तोंडानं तक्रार करायची?

म्हणून मग भिंतीचाच बंदोबस्त करायचं ठरलं. पहिला सल्ला सगळ्यांना मिळतो तोच मिळाला: अंड्यांचे ट्रे चिकटवा. "घरात अंडं येत नाही अन् भिंतीला ट्रे?" असं म्हणून आईनं तो विषय मिटवला. तसाही त्याचा उपयोग नव्हताच. ट्रे काय किंवा टोकंटोकं असलेला तो काळा फोम काय, खोलीतल्या आवाजाचा घुमारा तेवढा कमी करतो. शेजारचा आवाज अडवायला वजन लागतं. पलीकडचा आवाज भिंतीवर आदळतो, भिंत हलगीच्या कातड्यासारखी थरथरते आणि आपल्या बाजूची हवा हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी थरथरते. पण वजन दुप्पट केलं तरी हिशेबानं साधारण ६ डेसिबलचाच फरक पडतो आणि कानाला आवाज निम्मा वाटायला दहाएक लागतात. म्हणजे चार इंचीची नऊ इंची केली तरी मेटाफेज ऐकू येणारच, जरा दबक्या आवाजात.

जाड भिंतीत आम्ही राहिलोय की. गावाकडचं घर माळवदाचं, म्हणजे वर लाकडावर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छत, दगड-मातीच्या भिंती हातभराहून रुंद, दिवळीत कंदील ठेवला तरी पुढं जागा उरायची. पलीकडच्या चुलत्याचं भांडण आम्हाला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळायचं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच भिंती आणि त्याच माळवदांचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. तेव्हापासून आमच्या भागात भिंतीच्या जाडीचं कौतुक कुणी करत नाही. पातळ भिंत, पण कॉलम-बीम धडाचे, हे आमच्या पिढीनं आपखुशीनं पत्करलंय.

जिप्समचं काम करणाऱ्या मिस्त्रीनं खरा उपाय सांगितला. मूळ भिंतीला न टेकता, थोडं अंतर सोडून पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा करायचा, आत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेला कापसासारखा धागा, भरायचं, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर आणि कडेची प्रत्येक फट सीलंटनं बुजवायची. दोन भिंती एकमेकींना शिवल्या नाहीत की थरथर पुढं जात नाही. खोलीतले तीन-चार इंच मात्र जाणार. वर स्लॅब दोन्ही घरांचा एकच असल्यामुळे थोडा आवाज तिकडून फिरून येणारच. "गॅरंटी नाही देत सर," असं तो आधीच म्हणाला. हे ऐकूनच मला तो माणूस आवडला.

जाता जाता त्यानं आमचा स्विचबोर्ड उघडला. घरं जुळी, त्यामुळे आमच्या बोर्डाच्या बरोबर पाठीमागं अक्कांचा बोर्ड. दोन्हीकडून कोरत गेल्यानं मधे वीट उरलीच नव्हती, नुसता सिमेंटचा पापुद्रा. बॅटरी मारली तर एका भोकातून पलीकडच्या वायरा दिसल्या. मेटाफेज तिथून येत होतं! डबा काढून मागं गिलावा भरला, पाइपाची तोंडं बुजवली. आता घोकंपट्टी येते, पण शब्द लागत नाहीत.

जिप्समचं पुढं काय, असं मी विचारलं तेव्हा हिनं पाण्याचा मुद्दा काढला. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे देशाला ठाऊक आहे. नळाला पाणी कधी येणार, हे मात्र इथल्या माणसालाही नक्की ठाऊक नसतं. काही दिवसांआड येतं, तेही कधी अडनिड्या वेळी. आम्हाला पाणी आल्याचं कळतं ते अक्कांच्या मोटारीवरून. भिंतीतून घर्र सुरू झालं की आम्ही बादल्या घेऊन पळतो. (नळाला थेट मोटार लावू नये असा नियम आहे. त्यावर मी इथं बोलत नाही.)

परवा अक्का स्वतःच म्हणाल्या, "सर, मोटारीचा लै तरास होत असंल तुम्हाला. खाली जाड रबर टाकून घेऊ का? आवाज बसतो म्हणतेत."

मी हो म्हणणार, तेवढ्यात आतून ही ओरडली, "नको नको अक्का, असू द्या!"