जून महिन्यातले सहा 'गो'

३० जून, रात्री अकरा वाजून गेलेत

उद्या कालनिर्णयचं पान उलटायचं म्हणून ओटा पुसून झाल्यावर पेन्सिल घेऊन भिंतीपाशी उभी राहिले आणि मोजलं. सहा 'गो', म्हणजे घरात रीतसर गोड झालं ते दिवस, आणि तेवीस टिंबं, म्हणजे किरकोळ काहीतरी गोड. एक चौकोन कोरा, त्या दिवशी मी आणि लेक दोघी तापाने आडव्या होतो आणि बाकीचे मऊभातावर होते, त्यामुळे तो काही आमच्या संयमाचा पुरावा नाही.

हे खूळ सुरू झालं मे महिन्याच्या शेवटी. नवऱ्याचा रिपोर्ट आला, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१. म्हणजे डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर, ५.७ ते ६.४ मधे असलं की प्रीडायबेटीस म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं घरात गोड किती वेळा होतं, आणि मी एका क्षणाचाही विचार न करता सांगितलं, सणावारालाच हो, एरवी नाही. नवराही मान हलवत होता. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. रिक्षात बसल्यावर मला आठवलं की सकाळीच त्याच्या डब्यात साखरांबा दिला होता. पण साखरांबा म्हणजे गोड का? गोड म्हणजे पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी. साखरांबा हे तोंडीलावणं.

त्याच आठवड्यात लेक म्हणाली, आई तिच्याकडे (तिची मैत्रीण) रोज रात्री जेवणानंतर डेझर्ट असतं, आपल्याकडे का नसतं? मी म्हटलं आपल्यात असं काही नसतं बाई. आणि ते खरंच आहे, आमच्याकडे जेवणानंतर गोड ही भानगडच नाही. सणाच्या ताटात गोड मधेच येतं. आधी वरणभात, मग पुरीबरोबर श्रीखंड, मग मसालेभात, आणि शेवट ताकभाताने. गोडावर ताक पिऊन उठायचं. जेवण संपवून वर गोड हे हॉटेलातून आणि लग्नातल्या बुफेमधून घरात आलेलं प्रकरण आहे, निदान आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेमधे तरी.

तर ठरवलं की एक महिना लिहायचं. दुधाचा हिशोब जसा कालनिर्णयवर करतो तसाच. रीतसर गोड केलं किंवा आणलं तर 'गो', किरकोळ काही असेल तर टिंब. श्रावण मुद्दाम नको म्हटलं, श्रावणात नागपंचमीचे दिंड, जिवतीच्या शुक्रवारचं पुरण, नारळीभात, लिहायला चौकोन पुरला नसता आणि मग आकडा बघून घाबरून काहीच केलं नसतं. जून सगळ्यात साधा, वटपौर्णिमा काय ती असते, तिला तर उपास.

पहिल्याच आठवड्यात भांडण. शेवटच्या आंब्यांचा रस काढला आणि मी 'गो' लिहायला गेले तर सासूबाई म्हणाल्या आमरस कुठे गोड, आमरस म्हणजे जेवण. मी म्हटलं आई, आंबे आंबट निघाले म्हणून तुम्हीच वाटीभर साखर घातलीत. तर म्हणाल्या, ती आंब्याची चूक. शेवटी लिहिला 'गो', पण त्यांनी दोन दिवस त्या चौकोनाकडे बघून नाक मुरडलं.

सहा 'गो' असे: दोनदा आमरस, एकदा डब्यातलं आम्रखंड, संकष्टीला चंद्रोदयानंतर मोदक (उकडीचे नाहीत, तळणीचे, कुणाला एवढा वेळ आहे), खालच्या मजल्यावरच्या सत्यनारायणाचा सव्वाच्या मापातला शिरा जो आम्ही चौघांनी मिळून दोन वाट्या संपवला, आणि एका रविवारी पाहुणे येणार म्हणून केलेले गुलाबजाम. पाहुणे आले नाहीत. गुलाबजाम चाळीस होते. ते पुढचे तीन दिवस टिंबांत गेले, खरं तर तिथे मी लबाडी केलीय.

आता टिंबं. साखरांबा-पोळी. गुळांबा-पोळी. भाजी आवडली नाही म्हणून लेकीला शिकरण. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करून तूप-गूळ घालून लाडू, हा तर आमच्याकडे काटकसरीत मोडतो, गोडात नाही. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस म्हणून केकचा तुकडा, शेजारच्या मुलाला बारावीनंतर पाहिजे त्या कॉलेजात अॅडमिशन मिळाली म्हणून पेढा, देवळातला प्रसाद, चहाबरोबर बिस्किटं, रात्री साडेदहाला फ्रीज उघडून उभ्याउभ्या आइस्क्रीमचा एक चमचा आणि मग सारखं करायला आणखी दोन. यातल्या एकालाही कुणी "आज गोड खाल्लं" असं म्हणत नाही. विचारलं तर सगळे शपथेवर सांगतील की नाही खाल्लं, आणि खोटंही वाटणार नाही त्यांना.

चहा मी मोजलाच नाही, कारण चहा मोजला तर रोज टिंब येणार आणि मग टिंबाला अर्थ काय राहिला. पण नवऱ्याचे दिवसाला तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, म्हणजेच सहा चमचे. नवऱ्याचे ते सहा चमचे संध्याकाळी पाचच्या चहाला संपतात. आमटीतला गूळ, कोशिंबिरीतली साखर, पोह्यांवरची चवीपुरती साखर, हे सगळं त्याच्या वर. आमच्याकडे साखर न घालता फक्त मीठ होतं का काही? विचार करतेय, पिठलं बहुतेक.

मग मी वाण्याची यादी काढली. दुकानदाराला दर महिन्याला व्हॉट्सअॅपवर यादी पाठवते, खरं सांगायचं तर मागच्याच महिन्याची फॉरवर्ड करते. साखर ५ किलो, गूळ १ किलो. सहा किलो म्हणजे ६००० ग्रॅम, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, माणशी रोज ५० ग्रॅम. अगदी गोल आकडा आला म्हणून मी दोनदा केलं. ५० ग्रॅम म्हणजे त्या १० टक्क्यांच्या रेषेवर बरोबर पाय ठेवून उभे आहोत आम्ही, आणि यात बाहेरचा केक, बिस्किटं, आइस्क्रीम, आम्रखंडाचा डबा काहीच धरलेलं नाही. कामवाल्या मावशींचा चहा आणि आल्यागेल्याचा चहा वजा करा हवं तर, नवऱ्याने लगेच केलाच वजा.

मग अशीच यादी मागे मागे सरकवत गेले आणि मागच्या वर्षीवर थांबले.

मागच्या वर्षी सासरे गेले. चौदाव्याला माझ्या माहेरच्यांनी श्रीखंड-पुरी आणून आम्हाला जेवायला घातलं, तोंड गोड करून दुखवटा सोडायचा म्हणून, आणि सासूबाईंनी बोटभर श्रीखंड जिभेला लावून पान बाजूला सरकवलं होतं. त्यानंतर वर्षभर आमच्याकडे सण नव्हते. होळीला पुरण शिजलं नाही, पाडव्याला श्रीखंड नाही, गणपतीत मोदक नाहीत, दिवाळीला कढई चढली नाही. शेजारणींनी फराळाचे डबे आणून दिले, तेवढंच. आख्ख्या वर्षात कालनिर्णयवर एक 'गो' आला नसता.

आणि यादीत दर महिन्याला साखर ५ किलो.

पहिले दोन महिने लोक भेटायला येत होते, दिवसाला पंधरा-वीस कप चहा होत होता, ते सोडून देऊ. पण नंतर? बरं सासऱ्यांना वीस वर्षांचा डायबेटीस, त्यांचा चहा बिनसाखरेचा, त्यामुळे ते गेल्यावर साखर कमी व्हायचा प्रश्न नव्हता हे समजू शकते, पण सण गेल्यावर तरी व्हायला हवी होती ना. यादी नुसती फॉरवर्ड होत होती म्हणावं तर डबा भरून वाहिला असता, तसंही झालं नाही. म्हणजे आम्ही ज्याला गोड म्हणतो ते वर्षभर बंद होतं आणि साखरेला ते कळलंसुद्धा नाही. मी डॉक्टरांसमोर सणांवर ढकलून मोकळी झाले होते. सणांचा काही संबंधच नव्हता. हे मी नवऱ्याला दाखवलं तर तो बराच वेळ गप्प बसला, मला वाटतं साखरेमुळे नाही, ती जुनी यादी बघून. त्यात बाबांची शुगर-फ्री बिस्किटं होती पहिल्या दोन महिन्यांत. ती यादीतून लगेच काढायची मला आठवण राहिली नव्हती.

नणंदेचा स्टॉकहोमहून फोन आला तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली आमच्याकडे मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी, इथे सगळ्यांकडे असंच, त्याला नावच आहे शनिवारचा खाऊ अशा अर्थाचं. ही पद्धत कुठून आली ते ऐकून मात्र अंगावर काटा आला. १९४०च्या दशकात तिथल्या लुंड गावातल्या विपेहोल्म नावाच्या संस्थेत, जिथे स्वतःचं बरंवाईट सांगता येत नाही अशी माणसं ठेवलेली होती, त्यांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून दात किडतात का ते बघितलं. किडले, आणि वाईट किडले. त्यातून कळलं ते असं की एकूण गोड किती खाल्लं यापेक्षा ते दोन जेवणांच्या मधे, चिकट, आणि सारखं सारखं खाल्लं तर दातांचं जास्त नुकसान होतं, जेवणाबरोबर खाल्लेलं त्या मानाने कमी. मग सरकारने सांगितलं की खायचंच तर आठवड्यातून एकदा खा. आता तिथली पोरं शनिवारी पिशव्या भरभरून गोळ्या घेतात, आणि हे कुणाच्या दातांवर कळलं ते बहुतेकांच्या गावीही नसेल.

सासूबाई फोन स्पीकरवर असल्याने ऐकत होत्या. जेवणाबरोबर कमी, हे ऐकल्याबरोबर त्यांचा चेहरा असा झाला की बघ, आम्ही सांगत होतो. मग त्या सुरूच झाल्या. त्यांच्या लहानपणी कोकणात आल्यागेल्याला गूळपाणी, साखर रेशनची, ती चहाला आणि देवाला. गोड वर्षातून आठ-दहा वेळा, पण झालं की पंगतीत जिलब्यांच्या पैजा लागायच्या, त्यांच्या एका काकांना म्हणे जिलबीच्या पानावरून दोघांनी धरून उठवायला लागायचं. ते सांगताना त्या इतक्या हसल्या. गेल्या दीड वर्षात एवढं हसताना बघितलं नव्हतं मी त्यांना, म्हणून मधेच मापं आणि ग्रॅम काढले नाहीत.

तर आज रात्री मोजून झालं आणि मी जुलैची यादी टाइप करायला बसले. फॉरवर्ड नाही केली, नव्याने लिहिली. चहाची साखर नवरा दीड चमच्यावर आणणार आहे, बिस्किटं बंद, मुलीला शिकरण मिळेल पण भाजी संपवल्यावर. संकष्टीचे मोदक राहतील. श्रावण जसा आहे तसा होईल, यंदा पुरण शिजणार आहे. लिहिलं, साखर ४ किलो, गूळ १ किलो.

पाणी प्यायला उठले तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा लावून फोन हातात घेतला होता. म्हटलं आई काय करताय. काही नाही म्हणाल्या, झोप तू.

यादी गेली होती. साखर ४ किलो, गूळ २ किलो.