मारिएफ्रेडच्या दफनभूमीतील परके वाक्य

स्टॉकहोमची संग्रहालये, तिथली गर्दी आणि खिशाला न परवडणारी कॉफी यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते मारिएफ्रेड या लहानशा गावातील एका थडग्याविषयी. मेलारेन सरोवराच्या काठी राजा गुस्ताव वासा याने १५३७ साली बांधायला घेतलेला ग्रिप्सहोल्मचा लाल विटांचा किल्ला पाहून बहुतेक प्रवासी परत फिरतात. मी दफनभूमीत होतो तेवढ्या वेळात तिकडे दुसरे कोणीही फिरकले नाही.

ओकच्या झाडाखाली जमिनीसरशी बसवलेल्या शिळेवर कुर्ट टुखोल्स्की हे नाव आहे आणि त्यासोबत जर्मन महाकवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकातील, जे जे नश्वर ते केवळ प्रतीक, या अर्थाची ओळ आहे. ती वाचून मी मनापासून अस्वस्थ झालो. १८९० साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या या माणसाने कायद्याची डॉक्टरेट मिळवूनही पत्रकारिता पत्करली आणि ‘वेल्टब्यूने’ या साप्ताहिकात इतके लिहिले की स्वतःचे नाव पुरेना, म्हणून त्याने पेटर पांटर, थेओबाल्ड टिगर, इग्नात्स व्रोबेल आणि कास्पार हाउजर अशी चार टोपणनावे घेतली. नाट्यपरीक्षणे, कविता, प्रवासलेख, पक्षपाती न्यायाधीशांवरचे आणि लष्करशाहीवरचे कोरडे, सारे त्याच लेखणीतून उतरले. सैनिक हे खुनी असतात, असे त्याने १९३१ साली लिहिले, तेव्हा खटला भरला गेला तो संपादक कार्ल फोन ओसिएट्स्कीवर. पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला. गंमत अशी की ग्रिप्सहोल्मच्या याच किल्ल्याचे नाव दिलेली, उन्हाळ्याच्या सुटीची टुखोल्स्कीची आनंदी प्रेमकथाही १९३१ चीच आहे.

तोवर तो स्वीडनमध्ये स्थायिक झाला होता. १९३३ साली नाझींनी त्याची पुस्तके जाळली, नागरिकत्व काढून घेतले, आणि त्यानंतर त्याने छापण्यासाठी लिहिणेच थांबवले. पत्रे मात्र लिहीत राहिला. छळछावणीत खितपत पडलेल्या ओसिएट्स्कीला शांततेचे नोबेल मिळावे म्हणून त्याने अखेरच्या दिवसांत धडपड केली. ते पारितोषिक नोव्हेंबर १९३६ मध्ये जाहीर झाले. टुखोल्स्की २१ डिसेंबर १९३५ रोजीच योटेबोरीच्या रुग्णालयात वारला होता.

अशा माणसाच्या शिळेवर दुसऱ्याची ओळ का असावी? गटेच्या थोरवीविषयी वाद नाही. परंतु १९२३ सालीच टुखोल्स्कीने आपल्या व्रोबेल या टोपणनावाच्या थडग्यासाठी समाधिलेख लिहून ठेवला होता: इथे सोन्याचे काळीज आणि लोखंडी थोबाड विसावले आहे, शुभ रात्री! ही शिळा दुसऱ्या महायुद्धानंतर बसवली गेली, म्हणजे हे वाक्य तेव्हा छापील स्वरूपात उपलब्ध होते. शिळा बदलावी असे मी म्हणणार नाही, कारण तीही कोणीतरी प्रेमानेच बसवली असणार. पण ओकच्या बुंध्यापाशी ते वाक्य कोरलेली वीतभर पाटी लावायला भरपूर जागा आहे, आणि ती लावली जावी असे मला कळकळीने वाटते.