ल्लिन अ वान वाख : जलकन्येचं माहेर

वेल्समधल्या कारमार्थनशायरमध्ये, लान्देसान्त गावाच्या पुढे, साउदे नावाच्या ओढ्याच्या कडेने खडीची वाट चढू लागते. वर पिकूस दीचा ७४९ मीटर उंचीचा तुटलेला कडा आणि त्याच्या पायाशी हे तळं. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याला बांध घातला गेला. लढायला नकार दिलेल्या तरुणांनी तिथे काम केलं. त्याच बांधावर मी बसलो.

गोष्ट सुरू होते पावापासून. एका विधवेचा मुलगा इथे गुरं चारायचा. पाण्यावर केस विंचरणाऱ्या मुलीला त्याने पाव देऊ केला. तो फार कडक निघाला, पुढच्या खेपेला कच्चा. अर्धवट भाजलेला मात्र तिने घेतला. लग्नाला ती तयार झाली, पण विनाकारण तीन फटके मारलेस तर परत जाईन, या अटीवर. वडिलांनी आंदण दिलं एका दमात मोजता येतील तेवढी गुरं. एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन-चार-पाच, अशी ती दम संपेपर्यंत पाचापाचांनी मोजत गेली. तिची हुशारी मला फार आवडते!

बारशाला निघताना ती रेंगाळली, म्हणून नवऱ्याने हातमोज्याने हलकेच मारलं. पुढे ती एका लग्नात रडली, कारण जोडप्याचे हाल आता सुरू होणार होते. मयतीला हसली, कारण मेलेला त्यातून सुटला होता. दोन्ही वेळा त्याचा हात लागला.

आपल्या गंगेने शंतनूला प्रश्न विचारायची बंदी घातली होती. इथली अट हात न उचलण्याची आहे, आणि मला ती जास्त जवळची वाटते. फटका किती हलका होता, याचा हिशेब ती करतच नाही. एकेका गाईला नावाने हाक मारते आणि सगळं स्त्रीधन घेऊन निघते. कापून आकड्याला टांगलेलं काळं वासरूसुद्धा उठून मागे चालू लागतं. शेतात जुंपलेले चार करडे बैल नांगरासकट पाण्यात उतरतात.

मुलांसाठी ती पुन्हा वर आली. मदवाय गावाजवळ थोरल्या रिवाल्लोनला तिने औषधी वनस्पती दाखवल्या. रिवाल्लोन हा तेराव्या शतकात रीस ग्रिग या सरदाराचा वैद्य होता. या घराण्याचे उपचार १४००च्या आसपासच्या ‘रेड बुक ऑफ हर्गेस्ट’ या हस्तलिखितात आहेत. तळं बघून परत फिरू नका, मदवायच्या चर्चपर्यंत जाच. याच वैद्य घराण्यातले मानले जाणारे, १७१९ साली वारलेला डेव्हिड जोन्स आणि १७३९ साली वारलेला त्याचा मुलगा जॉन यांचा स्मृतिशिळेवर उल्लेख आहे, दोघेही सर्जन म्हणून.