तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइल असताना वेगळं जीपीएस कशाला, आणि जुनं घेतलं तर चालेल का?

हा प्रश्न मला वेताळ टेकडीवर विचारतात, ऑफिसात विचारतात, मागे एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी पण विचारला. मोबाइल आहे ना खिशात, मग हा डबा गळ्यात कशाला, आणि आम्ही जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसवर लपवलेल्या डब्या शोधायचा खेळ, सुरू करायचं म्हटलं तर कुठला घ्यावा, सेकंडहॅन्ड मिळाला तर बघावा का? प्रत्येकाला अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सरळ उत्तर असं की लगेच घेऊ नका. आधी फोनवरच दहाबारा डब्या शोधा, एक पावसाळा जाऊ द्या, आणि तरीही हात शिवशिवत असतील तर जुनं घ्या, बटणांचं घ्या, आणि दुकानात किंवा कॅफेत बसून घेऊ नका, उघड्यावर उभं राहून घ्या. बाकी सगळं याचंच स्पष्टीकरण आहे, वेळ नसेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी एक डबी लपवतं, तिचे अक्षांश रेखांश नेटवर टाकतं, आपण शोधायची, आतल्या कागदावर नाव तारीख लिहायची आणि होती तश्शी परत ठेवायची. पुरायची परवानगी नसते, त्यामुळे कोणी गडावर खणताना दिसला तर तो आमच्यातला नाही. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली, तोपर्यंत जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायची, आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगनमध्ये एकाने बादलीत वस्तू भरून ती ठेवली नि आकडे जाहीर केले. तिथून हे सुरू झालं. आपल्याकडे डब्या कमीच आहेत, जर्मनीसारख्या पावलापावलावर नाहीत, त्यामुळे पुण्यात हा नाद लागला की माणूस आपोआप गडकिल्ल्यांकडे वळतो.

आता तुलना. लोक पहिला प्रश्न विचारतात ॲक्युरसी किती, तीन मीटर का पाच मीटर, आणि माझ्या मते हा सगळ्यात बिनकामाचा प्रश्न आहे. एक तर फोन आता मागे नाहीत, २०१८ पासून उपग्रहाचे सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर घेणारे फोन आले, त्यामुळे मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन आणि चांगलं हॅन्डहेल्ड, म्हणजे हातात धरायचं वेगळं जीपीएस, यात फरक काढायला बसलात तर दिवस जाईल. दुसरं म्हणजे डबी लपवणाऱ्याने पण असंच काहीतरी यंत्र हातात धरून आकडे घेतलेत ना, त्याची चूक अधिक तुमची चूक, मग तुमच्या मशीनवर तीन लिहिलंय म्हणून डबी तीन मीटरात थोडीच सापडणार. दहा मीटरचं वर्तुळ धरून शोधायचंच असतं. आणि कातळकड्याच्या बुडाशी किंवा तटाला चिकटून उभे असाल तर सिग्नल दगडावर आपटून वळसा घेऊन येतो, तिथे महागडं यंत्र पण गोंधळतं. लोहगडला विंचूकाट्यावर आकाश मोकळं, आकडे छान स्थिर, आणि तेच तटाच्या आडोशाला उतरलं की बाण नाचायला लागतो.

मग मी हा जीपीएसचा डबा का बाळगते? पाऊस. जुलैमध्ये राजगडाच्या वाटेवर फोनच्या स्क्रीनवर थेंब पडले की तो स्वतःच नकाशा सरकवतो, झूम करतो, कोणाला तरी फोन पण लावतो, आणि पुसायला कोरडं कापड कुठून आणणार, अंगावर सगळंच ओलं. बटणाचं यंत्र याला दाद देत नाही. शिवाय त्यात साधे डबल ए सेल पडतात. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स दोन सेलवर पंचवीस तास चालतं असं कंपनी सांगते, थोडे कमी धरा, तरी पायथ्याच्या किराणा दुकानात जे मिळतात तेच सेल, आणि मुख्य म्हणजे घरी फोन करायला फोनची बॅटरी शिल्लक राहते. खाली पडलं तर उचलायचं, पुसायचं, पुढे चालायचं. फोन पडला की आधी काच बघावी लागते, मग बाकीचं.

खरी तुलना करायची तर होकायंत्राची करा, याच्याबद्दल कोणी विचारतच नाही. स्वस्त मॉडेलमध्ये, म्हणजे ईट्रेक्स १०, २०, २२एक्समध्ये, चुंबकीय होकायंत्र नसतं, दिशा तुमच्या चालण्यावरून काढतात. चालताय तोवर बाण अगदी बरोबर. आणि डबी आठ मीटरवर आली की तुम्ही काय करता, थांबता, आणि थांबलात की त्या बिचाऱ्याला तोंड कुठे आहे तेच कळत नाही, बाण भलतीकडे. नवखे लोक इथे यंत्राला शिव्या घालतात. ३० आणि ३२एक्समध्ये तीन अक्षांचं होकायंत्र आहे, ते कसंही धरा, उभ्या जागी दिशा सांगतं, फक्त सेल बदलल्यावर ते कॅलिब्रेट करावं लागतं, गोल गोल फिरवून, बघणारे हसतात, हसू द्या. गार्मिनच्याच जुन्या ६०सीएसएक्समध्ये पण आहे पण ते सपाट धरावं लागतं.

६०सीएसएक्सचं नाव निघालंच आहे तर, २००६ चं यंत्र, वर अंगठ्याएवढा अँटेनाचा कोंब, माझं अजूनही सगळ्यात आवडतं. त्यातला अँटेना नळीसारखा गुंडाळलेला, म्हणून ते उभं धरायचं, आणि ईट्रेक्सचा आत चपटी चकती, ते आडवं, तोंड आकाशाकडे करून धरायचं. अर्ध्या लोकांना हे माहीत नसतं आणि मग अमुक मॉडेलला सिग्नल मिळत नाही अशा चर्चा होतात. नवीनच हवं असेल तर ईट्रेक्स एसई आहे, २०२३ चं, स्क्रीन काळीपांढरी, नकाशे नाहीत, पण दोन सेलवर १६८ तासांचा दावा आणि फोनला ब्लूटूथने जोडलं की डब्यांची माहिती थेट आत. फक्त डब्या शोधायच्या असतील तर पुरे. वाट पण त्यावरच शोधायची असेल तर नकाशावालं घ्या.

एक गोष्ट मात्र ठळक सांगते. परदेशातला भाचा येतोय, त्याच्याकडून मागवतो म्हणणारे खूप असतात. मॉडेलच्या नावात शेवटी आय असेल, ६६आय, ६७आय, किंवा इनरीच असं लिहिलं असेल, तर मागवू नका. ही यंत्रं उपग्रहावरून मेसेज पाठवतात, आणि तशी उपकरणं परवान्याशिवाय जवळ बाळगायला आपल्याकडे परवानगी नाही. विमानतळावर सामानात सापडली म्हणून परदेशी ट्रेकर लोकांना पोलिसांपर्यंत जावं लागलंय. भाच्याला कशाला त्या भानगडीत घालता. साधी, नुसती सिग्नल घेणारी हॅन्डहेल्ड इथे राजरोस विकत मिळतात.

आता जुनं घेताना. विकणारा म्हणेल तपकीर गल्लीत भेटू, दुकानात भेटू, चहाला बसू. चहा नंतर. नदीपात्रात किंवा तळजाईच्या मैदानावर बोलवा, जिथे डोक्यावर आकाश आहे. यंत्र कित्येक महिने कपाटात पडून असेल तर त्याला कुठला उपग्रह कुठे आहे हेच माहीत नसतं, ती सगळी यादी उपग्रहाकडून उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात, आणि गल्लीत दोन इमारतींच्या मध्ये उभं राहून ती कधीच पूर्ण होत नाही. म्हणून पंधरावीस मिनिटं द्या त्याला. तोवर सेलचा कप्पा उघडा. स्प्रिंगवर हिरवट किंवा पांढरी बुरशी असेल तर सेल आत फुटलेले आहेत, किंमत पाडा नाहीतर सोडा. मागच्या यूएसबीच्या भोकावरची रबरी टोपी आहे ना, घट्ट बसते ना, ती चिरलेली असेल तर वॉटरप्रूफ वगैरे विसरा. कडेची रबरी पट्टी नखाने जरा उचलून बघा, जुन्या ईट्रेक्सची सुटते, आणि विकायच्या आदल्या दिवशी फेविक्विकने चिकटवलेली असते, त्याचा पांढरा डाग दिसतो. ईट्रेक्सची ती छोटी काडी चारही बाजूंना दाबून बघा, बहुतेक वेळा एकच दिशा गेलेली असते आणि मालक बोलत नाही.

फिक्स मिळाला, म्हणजे यंत्राला आपली जागा कळली, की उभ्या जागेचा वेपॉइंट मारा, म्हणजे ती जागा त्यात साठवा, शंभरेक पावलं लांब जा, आणि यंत्राच्या सांगण्यावरून परत या. परत त्याच दगडापाशी आलात तर झालं, यापेक्षा मोठी परीक्षा नाही. तारीख भलतीच वीस वर्षांपूर्वीची दिसली तर घाबरू नका, जीपीएस आठवडे १०२३ पर्यंतच मोजतं आणि मग परत शून्यावर येतं, शेवटचं तसं ६ एप्रिल २०१९ ला झालं, जुनं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, तिथे गडबडतं. जागा बरोबरच दाखवतं, ट्रॅकवर, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीवर, तारीख चुकते एवढंच. पण भाव करायला हा मुद्दा उत्तम. नकाशे टाकलेत म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका, ओपनस्ट्रीटमॅपचे गार्मिनला चालणारे नकाशे फुकट मिळतात.

आणि घरी आणल्यावर पहिलं काम सेटिंग. डेटम, म्हणजे अक्षांश रेखांश कुठल्या पायावरून मोजायचे ते, डब्ल्यूजीएस ८४ आहे का बघा, आधीच्या मालकाने जुन्या सर्व्हेच्या नकाशांसाठी भारतीय डेटम लावून ठेवला असेल तर सगळं शंभरेक मीटर सरकतं. मग फॉरमॅट. डब्यांचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात, आणि फोनचा नकाशा नुसते दशांश अंश देतो. शनिवारवाड्याचा अक्षांश साधारण १८.५२ आहे, म्हणजे १८ अंश ३१.२ मिनिटं. तुम्ही तो १८ अंश ५२ मिनिटं असा भरलात तर अडतीस किलोमीटर उत्तरेला, थेट राजगुरुनगरच्या बाजूला पोचाल, आणि यंत्र बिनदिक्कत नेईल. उलट मिनिटाच्या तिसऱ्या दशांशात एकाचा फरक म्हणजे दोन मीटरही नाही, तेवढा चुकला तर काही बिघडत नाही. बॅटरी टाइप पण बघा, रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइनवर सेटिंग राहिलं की निम्म्यातच सेल संपल्याची बोंब मारतं.

विकायचं असेल तर गिऱ्हाईक फक्त कॅशिंगवाले असतात असं समजू नका, ते मूठभर. पक्षी बघणारे येतात, जंगलात काम करणारी पोरं येतात, आणि सगळ्यात जास्त येतात जमीन मोजायला. यात एरिया कॅल्क्युलेशन आहे, शेताच्या कडेने चालत गेलं की क्षेत्रफळ सांगतं, हे सगळ्यांनी व्हिडिओत बघितलेलं असतं. तर त्यांना खरं सांगा. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, दहा मीटरची बाजू, त्यात तुमचं यंत्र तीन ते पाच मीटरने हलतंय, म्हणजे गुंठ्याचा दीड गुंठा व्हायला वेळ लागत नाही. चारपाच एकराचा तुकडा असेल तर अंदाजाला ठीक. बांधाच्या भांडणात हे घेऊन उभं राहू नये, तिथे सरकारी मोजणीच लागते. मुळशीच्या एका गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं तर म्हणाले, ताई, भावाला दाखवायला आकडा पाहिजे, खरा कशाला. नाही दिलं त्यांना.

किमतीचं म्हणाल तर मॉडेल किती जुनं आहे यापेक्षा सेलचा कप्पा आणि टोपी कशी आहे यावर लावा, फोटो तिथलेच टाका, पुढचा स्क्रीनचा फोटो सगळेच टाकतात. आणि देण्याआधी आतलं पुसा. जवळजवळ प्रत्येकाच्या यंत्रात घर नावाचा वेपॉइंट असतो, शिवाय सकाळी किती वाजता कुठून निघता याचे ट्रॅक, एखाद्याने तर सुरुवातीच्या पडद्यावर स्वतःचा नंबर लिहिलेला असतो. मेमरी कार्ड काढून घ्या, ट्रॅक कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि मगच रिसेट मारा, कारण तोरण्याचा तो जुना ट्रॅक आहे का हो अजून, असं नंतर फोन करून विचारणारे पण मला माहीत आहेत.