मामाला ‘इथलं’ खायचं होतं

मामा आमच्याकडे चार दिवस राहून गेला. फ्रँकफर्टला त्याची कसलीशी कॉन्फरन्स होती, तिथून ट्रेनने बर्लिनला आला आणि बॅग ठेवता ठेवताच फर्मान सुटलं, “आपल्याला इंडियन बिंडियन नको हां, ते घरी रोजच आहे. इथलं काय ते खाऊ घाल. फक्त गाय नको आणि डुक्कर नको.” मी म्हटलं मामा, हे दोन वगळलेस तर इथलं म्हणून बटाटा उरतो.

मग त्याला घेऊन गेले क्रॉइत्सबर्गला, चिकन डोनर खायला. तिथला माणूस त्या उभ्या फिरणाऱ्या सळईवरून पातळ पातळ काप तासत होता, दुसऱ्या हाताने पाव गरम करत होता आणि पाव म्हणजे काय तर मोठ्या गोल रोटीचा अक्षरशः चतकोर, मधून पोकळ. त्यात कोबी, कांदा, टोमॅटो कोंबून झालं की तो ठरलेला प्रश्न, सॉस कुठला? हर्ब, लसूण की तिखट? मामा म्हणाला तिन्ही घाल. अर्धा डोनर संपल्यावर शर्टावरचा सॉस पुसत मला म्हणतो, “पण हे तर टर्किश झालं ना गं?”

तिथेच गंमत आहे. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले आणि त्यांच्याबरोबर डोनर आला हे खरं, पण हा जो चालता चालता खायचा, पावात भरलेला प्रकार आहे तो वाढला बर्लिनमध्ये. १९७२ साली झू स्टेशनजवळ कादिर नुरमान यांनी सुरू केला असं बहुतेक वेळा सांगतात, दावेदार आणखीही आहेत. थोडक्यात, घाईत असलेल्या गिऱ्हाईकासाठी मूळ पदार्थाला मुरड घातली. करीवूर्स्टचं, म्हणजे सॉस घातलेल्या सॉसेजचं उलटं, ते जर्मन बाईने केलेलं, १९४९ मध्ये हेर्टा हॉयवर यांनी शार्लोटेनबुर्गच्या टपरीवर, आणि त्यात करी पावडर! मामाने डुकरामुळे खाल्लं नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाला, “आपल्याकडे कुठल्या भाजीत घालतात हे?”

इतकी वर्षं इथे खाऊन माझी एक थिअरी झालीये. बाहेरून आलेला माणूस आधी जर्मन जिभेला झेपेल ते विकतो आणि मग कधीतरी दहावीस वर्षांनी, धीर आल्यावर, स्वतःच्या घरचं.

व्हिएतनामी लोकांचंच बघा. १९८० मध्ये पूर्व जर्मनीने व्हिएतनामशी करार करून हजारो कामगार आणले, १९८९ ला भिंत पडली, कारखाने बंद झाले आणि ही माणसं रस्त्यावर. मग कुणी फुलं विकली, कुणी ‘एशिया’ पाटी लावून तळलेल्या नूडल्सची टपरी टाकली. व्हिएतनामी म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? म्हणून गुळमट चायनीज, नंतर सुशी. आणि आता त्याच शहरात जिकडे तिकडे फो, म्हणजे त्यांचं घरचं नूडल सूप, मिळतो. शनिवारी मामाला एम ८ ट्रामने लिश्टनबर्गला नेलं, डोंग शुआन सेंटरला. बाहेरून नुसती गोडाऊनं, आत लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना होलसेल प्लास्टिकची फुलं, नेलपॉलिश, केस कापायची दुकानं आणि मध्येच भाजी. मामा एका दुकानात कोथिंबिरीच्या जुड्यांपुढे उभाच राहिला. सुपरमार्केटमध्ये कुंडीतली चार काड्यांची कोथिंबीर बघून आला होता ना आदल्या दिवशी.

नॉयकोल्न भागातल्या झोनेनआले या रस्त्यावर मात्र माझी थिअरी आपटते. तिथे अरब लोक आधीपासून होतेच, २०१५ च्या सुमाराला सिरियन खूप आले आणि त्यांनी जर्मन जिभेची वाटच बघितली नाही, सरळ अरबीत पाट्या आणि घरचीच चव, कारण खाणारे आपलेच, भरपूर. आणि हो, सुदानी फलाफल! त्यावर शेंगदाण्याचा सॉस असतो. मामाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, “अगं, ही तर उपासाची आमटी!” या चार दिवसांतलं त्याचं सगळ्यात आवडतं ‘इथलं’ जेवण ते. (पाणी मागवलं तर बाटली आली, गॅसवाली आणि विकतची, आणि शेवटी कळलं की कार्ड चालत नाही. मामाने भाचीला पैसे देऊ दिले नाहीत, एटीएम शोधायला निघाला.)

शेवटच्या संध्याकाळी पाऊस, पाय गळालेले, आणि मामा हळूच म्हणाला, “जवळ एखादं इंडियन आहे का गं?”

होतं, कोपऱ्यावरच. इंडियन बर्लिनमध्ये कुठेही कोपऱ्यावरच असतं आणि मेन्यू फोटोकॉपी काढल्यासारखा, मँगो लस्सी, क्रीममध्ये बुडालेलं पनीर, तेच क्रीम चिकनला, वर संध्याकाळी कॉकटेल स्वस्त. अशाच एका ठिकाणी मी एकदा दाल मागवली होती, तर तिच्यात नारळाचं दूध आणि साखर. तेव्हापासून मी फिरकत नाही. हल्ली डोसा वगैरे देणारी एकदोन जागा दिसतात, म्हणजे आपलाही धीर वाढतोय बहुतेक.

वेटरने मेन्यू ठेवला, आमच्याकडे एकदा नीट बघितलं, मेन्यू परत उचलला आणि खालच्या आवाजात विचारलं, “स्टाफ के लिए जो बना है, वो चलेगा?”

तुरीचं वरण होतं, लसणाची फोडणी, बाजूला कांदा आणि हिरवी मिरची. मामाने तीनदा भात घेतला.