तुम्ही विचारलंत म्हणून: यादीच्या आतली यादी

जावास्क्रिप्ट नव्याने शिकणारी मुलं मला फिरून फिरून एकच प्रश्न विचारतात: "एलिमेंटच्या आत एलिमेंट, त्याच्याही आत एलिमेंट. त्यातला नेमका हवा तोच कसा पकडायचा?" क्वेरीसिलेक्टर, म्हणजे वर्णन (सिलेक्टर) दिलं की वेबपानावरचा तसा घटक (एलिमेंट) शोधून देणारी आज्ञा, सगळ्यांना ठाऊक असतो. गाडी अडते ती त्याच्या पुढे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (नावं इथे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन.)

किराणा दुकानाचा मेनू घेऊ. बाहेरच्या यूएलमध्ये (म्हणजे यादीत) तीन एलआय (यादीतल्या नोंदी): धान्य, डाळी, मसाले. डाळींच्या एलआयमध्ये आणखी एक यूएल, त्यात चार एलआय: तूर, मूग, उडीद, मसूर. बाहेरचा यूएल आपण 'मेनू' या व्हेरिएबलमध्ये धरलाय आणि हवेत फक्त वरचे तीन.

मेनू.क्वेरीसिलेक्टरऑल('एलआय') म्हटलं, म्हणजे जुळणारे सगळे मागितले, की सात येतात, कारण तो कितीही खोल उतरतो. मग बहुतेक जण थेट मुलासाठीचं > हे चिन्ह घालतात: 'यूएल > एलआय'. पुन्हा सातच! आतल्या चारांचं समजू शकतं, तेही एका यूएलची थेट मुलंच आहेत. पण बाहेरचे तीन का आले? त्यांचा यूएल म्हणजे स्वतः मेनू, आणि मेनू काही मेनूच्या आत नाही. म्हणजे आपल्या हिशेबाने चारच यायला हवे होते.

हे नीट समजून घ्या, कारण निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात. ब्राउझर सिलेक्टर मेनूच्या आत बसून वाचत नाही. तो जुळवणी अख्ख्या डॉक्युमेंटच्या झाडावर (कोण कोणाच्या आत, या रचनेवर) करतो आणि मेनूबद्दल एकच गोष्ट तपासतो: शेवटी सापडलेला एलिमेंट त्याच्या आत आहे ना? सिलेक्टरचा डावीकडचा भाग मेनूबाहेर, अगदी बॉडीपर्यंत जाऊन जुळला, तरी त्याला चालतं. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत वाढलेल्यांना हे जास्तच खटकतं, कारण तिथल्या शोधाच्या आज्ञेला, फाइंडला, हाच सिलेक्टर दिला तर चारच मिळतात. जेक्वेरी २००६ ची. ब्राउझरांनी स्वतःचा क्वेरीसिलेक्टर आणला तो त्यानंतर. जेक्वेरीचे कर्ते जॉन रेसिग यांनी २००८ मध्येच या वागण्यावर आक्षेप घेतला होता, आणि मला तो आजही रास्त वाटतो.

इलाज मात्र सोपा आहे. ':स्कोप' म्हणजे ज्या एलिमेंटवर शोध चालवला, तो स्वतः. ':स्कोप > एलआय' लिहा, तीनच येतील. सिलेक्टर नकोच असेल तर मेनू.चिल्ड्रन आहेच. चाइल्डनोड्स मात्र टाळा. दोन टॅगांमधली मोकळी जागाही त्यात टेक्स्ट म्हणून मोजली जाते.

दुसरी नेहमीची तक्रार: "सिलेक्टर बरोबर आहे, तरी काहीच येत नाही." विचारणाऱ्याकडे बहुधा टेबल असतं आणि सिलेक्टर असतो 'टेबल > टीआर'. फाइलमध्ये टेबलच्या आत थेट टीआर (टेबलची ओळ) लिहिलेला स्वच्छ दिसतो. पण एचटीएमएल वाचताना ब्राउझर मधे स्वतःहून टीबॉडी (ओळींना गुंडाळणारा टॅग) घालतो, मग टीआर टेबलचं थेट मूल उरतंच कुठे? असंच पीच्या (परिच्छेदाच्या) आत डिव्ह (मजकुराचा गट) लिहिला की ब्राउझर डिव्हच्या आधीच पी बंद करून टाकतो, आणि 'पी डिव्ह' रिकामा येतो. गंमत अशी, की तेच टेबल जावास्क्रिप्टच्या क्रिएटएलिमेंट आणि अपेंडचाइल्डने बांधलंत तर टीबॉडी कुणी घालत नाही. म्हणून मी मुलांना फाइल बंद करायला लावते आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधलं झाड उघडून बघायला सांगते. शोध त्या झाडात चालतो, फाइलमध्ये नाही.

त्याच टूल्समध्ये सिलेक्टर आयता कॉपी करून मिळतो. एनथचाइल्डची ('कितवं मूल' सांगणारी) ती लांबलचक साखळी कोडमध्ये चिकटवू नका. मधे एक डिव्ह वाढला की ती तुटते. जवळचा एक क्लास धरा आणि तिथून खाली या.

कधी उलट, खालून वर जावं लागतं. प्रत्येक एलआयवर वेगळा लिसनर (क्लिकची वाट बघणारा कोड) लावण्यापेक्षा एकच मेनूवर लावावा आणि इव्हेंट.टार्गेट.क्लोजेस्ट('एलआय') विचारावं. इव्हेंट.टार्गेट म्हणजे क्लिक झालेला एलिमेंट; क्लोजेस्ट त्याच्यापासून सुरू करतो आणि वर चढत जातो. पण मेनूची हद्द त्यालाही ठाऊक नसते. तुमचा मेनूच एखाद्या मोठ्या यादीच्या एलआयमध्ये बसलेला असेल आणि क्लिक मेनूच्या रिकाम्या कडेवर झाली, तर तो मेनू ओलांडून बाहेरचा एलआय हातात ठेवतो. म्हणून आधी नल (म्हणजे 'काहीच सापडलं नाही') आला नाही ना ते बघा, मग मेनू.कंटेन्सला तो एलआय देऊन विचारा, आणि उत्तर 'ट्रू' आलं तरच पुढचा कोड चालवा.